अळणी समुद्र

१

ईस्टरच्या सुट्टीत लिटल टोबीवर राहायला जायचं म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या कारियाकू बेटावरचं निम्मं घर होडीत भरावं लागतं. ताडपत्री, जुनं शीड, कोळशाची शेगडी, पिण्याच्या पाण्याचे कॅन, नीरफणस, नारळ, अळूच्या जुड्या, खारवलेल्या माशांचं पुडकं आणि मा एथेलची खुर्ची. खुर्ची सोडून बाकी काहीही विसरलं तरी चालतं. बेट जेमतेम एवढंसं, एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू जावं. थोडी झुडपं, काही नारळ, बाकी सगळी पांढरी वाळू. तरी वर्षभर माणसं या चार दिवसांची वाट पाहतात.

मा एथेल म्हणजे एथेल्डाबाई. गावात त्यांच्या शब्दाबाहेर फक्त बकऱ्या जातात. त्यांच्याबरोबर सून झेल्मा, लेक आयोनी आणि जावई कॉस्मस. कॉस्मसनं चाळिशी कधीच ओलांडली, पण ईस्टरचा पतंग हातात आला की तो पुन्हा शाळेतला होतो. त्याच्या पतंगाच्या शेंड्याला ताणलेली कागदी पट्टी असते, ती वाऱ्यावर गुणगुणते. दोर नारळाला बांधून टाकला की मुक्काम हलेपर्यंत डोक्यावर तो सूर चालू राहतो, आणि दुसऱ्या दिवसापासून कुणाच्या लक्षातही राहत नाही.

यंदा एक माणूस कमी होता. झेल्माचा नवरा कॅन्यूट गेल्या नाताळाच्या आधी शेवंडांसाठी बुड्या मारायला गेला, तो आलाच नाही. होडी सापडली नाही, होडीची फळीही नाही. गावानं मनातल्या मनात त्याला कधीच पुरून टाकलं होतं. झेल्मानं नाही. दक्षिणेकडं वाहवत गेलेले कोळी परक्या देशाच्या हद्दीत पकडले जातात, तिकडच्या एखाद्या तुरुंगात पडून राहतात आणि एक दिवस दाढीचं जंगल घेऊन धक्क्यावर उतरतात, असं पूर्वी झालेलं होतं. कॅन्यूटचे बूट अजून तिच्या दाराशी होते. झाडताना ती ते उचलायची आणि पुन्हा होते तसेच ठेवायची.

"त्याला केव्हाच सोडलं असेल गं," ती आयोनीला म्हणायची, "पण हाक ऐकू आली नसेल ना त्याला!"

हा त्यांच्या घरातला जुना विनोद होता. बुड्या मारून मारून कॅन्यूटचा एक कान गेला होता. पहिली हाक त्याला कधी लागायचीच नाही. दुसऱ्या हाकेला तो जागच्या जागी थांबायचा, चांगल्या कानामागं तळवा धरायचा आणि मान तिरकी करून असा काही चेहरा करायचा, की जणू चूक हाक मारणाऱ्याचीच. झेल्माचं निम्मं आयुष्य त्याला दोनदा हाका मारण्यात गेलं होतं. तेव्हा ती वैतागायची.

२

गुरुवारी ऊन उतरल्यावर मा एथेलनी आपल्या खुर्चीखालून एक गाठोडं काढलं. त्यात पांढरं कापड आणि पांढरं ताट होतं. झेल्मा शेगडी पेटवत होती. तिचा हात थांबला.

"यंदा ताट इथं मांडायचं," मा एथेल म्हणाल्या.

"घरी मांडतो ना आपण, मा."

"घर त्याला लांब पडतं."

कॉस्मस लगेच पतंगाचा दोर तपासायला निघून गेला. अशा वेळी त्याला नेहमी काहीतरी तपासायचं असतं.

"तो मेलेला नाही," झेल्मा म्हणाली.

"परवा पुन्हा आला होता स्वप्नात. नखशिखांत ओला. भूक लागलीय म्हणाला."

"मग माझ्या स्वप्नात का येत नाही? मी बायको आहे त्याची!"

"तू दार उघडतेस कुठं, पोरी?"

गेलेल्यांचं ताट कसं मांडायचं, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यांचं जेवण वेगळं आणि अळणी शिजवायचं, गेलेल्यांना मीठ चालत नाही. जमिनीवर पाणी आणि रम शिंपडायची. मग सगळ्यात जुन्या माणसापासून एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची आणि सगळ्यांनी पाठ फिरवायची, कारण जेवणाऱ्याकडं टक लावून बघणं शोभत नाही. घरची चूल जिच्या हातात, हाक तिनं मारायची. म्हणजे झेल्मानं. म्हणून तर गेल्या काही महिन्यांत सासूनं लेकासाठी बाकी सगळं केलं, पण त्याच्या नावानं ही हाक तिला मारता आली नव्हती.

झेल्मा नाहीच म्हणणार होती. पण म्हातारी वाळूत गुडघे टेकून कापडाची एकेक सुरकुती तळव्यानं मोडत होती. झेल्मानं मुकाट्यानं बिनमिठाचा भात आणि मासा शिजवला. पाण्याच्या कडेपासून बरंच वर, शिडाच्या आडोशाला ताट मांडलं. पाणी शिंपडलं, रम शिंपडली. वाळूनं दोन्ही पटकन पिऊन टाकलं.

"आता नावं," मा एथेल म्हणाल्या.

झेल्मानं ओठ आवळून घेतले. ही यादी कुठं जाऊन संपणार, ते तिला माहीत होतं. आजे, पणजे, चुलते, आणि मग सगळ्यांची नजर तिच्या तोंडाकडं. तिनं समुद्राकडं तोंड केलं आणि मोठ्यांदा, जरा रागातच म्हणाली, "समुद्रात जो कुणी उपाशी असेल, त्यानं यावं आणि जेवावं!"

आयोनीनं तोंडावर हात घेतला. "अगं, हे काय बोललीस?"

"बोलावलं ना सगळ्यांना? त्यात तुमचा असला तर येईल तोही. मी नाव घेणार नाही."

मा एथेल सुनेकडं बघतही नव्हत्या. त्यांची नजर समुद्रावर होती, आणि घरात अंदाजापेक्षा जास्त पाहुणे येणार असं कळल्यावर बाईमाणसाचं तोंड जसं होतं, तसं त्यांचं झालं होतं.

"पाठ फिरवा," त्या शेवटी म्हणाल्या.

३

शुक्रवारी झेल्मानं खारवलेला मासा कांदा-मिरचीत परतला. आयोनीनं पहिला घास घेतला आणि वहिनीकडं बघितलं.

"मीठ काय घरी कुलपात ठेवून आलीस?"

"खारवलेला मासा आहे तो! त्यात वर मीठ कशाला?"

"मग खाऊन बघ."

झेल्मानं खाल्लं. मिरची झोंबत होती, कांदा गोड लागत होता, आणि मासा कापूस चावल्यासारखा. तिनं वर मीठ टाकलं. काही फरक पडला नाही. आणखी टाकलं.

"जास्त वेळ भिजवला असशील," कॉस्मस म्हणाला. त्यानं मात्र दोनदा वाढून घेतलं होतं. अन्नाला नाव ठेवणं त्याच्या स्वभावात नाही.

जास्त भिजवला असेल, झेल्मालाही तेच पटलं. मग मीठ दमट झालं असेल. मग आपल्याला सर्दी होणार असेल. दुपारभर ती अशी एकेक कारणं शोधत होती आणि मिळालेलं प्रत्येक कारण तिला चांगलं वाटत होतं. फक्त एकदा, कुणी बघत नाही असं पाहून, तिनं डब्यात ओलं बोट घालून नुसतं मीठ चाटलं. जिभेवर खरखर लागली, वाळूसारखी. चव नव्हतीच.

शिडाच्या आडोशाला ताट होतं तसंच होतं. भातावर माशी नव्हती, मुंगी नव्हती. सकाळीच ते उचलायची रीत, पण मा एथेलनी हात लावू दिला नाही.

"पाहुणे उठले नाहीत अजून," त्या म्हणाल्या.

"कोण पाहुणे, मा?"

"ज्यांना बोलावलंस ते."

झेल्माला हसू आलं, पण ते पुरतं फुटलं नाही. वर पतंग गुणगुणत होता. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं, की नारळाची एकही झावळी हलत नाहीये.

४

शनिवार म्हणजे मोठ्या पातेल्याचा दिवस. खाली खारवलेलं मांस, वर नीरफणसाच्या फोडी, त्यावर अळूची पानं, आणि सगळं नारळाच्या दुधात आटेपर्यंत शिजवायचं. या जेवणासाठी तर माणसं या बेटावर येतात. झेल्मानं हात सैल सोडून मीठ घातलं. चाखलं, पुन्हा घातलं. नंतर आयोनीनं घातलं. नंतर, बायकांना काही कळत नाही असं म्हणत, कॉस्मसनं मूठभर घातलं. पातेलं अळणीच राहिलं.

कॉस्मसनं चमचा खाली ठेवला. या वेळी त्यानं ताट पुढं केलं नाही, आणि ते झेल्माला जास्त टोचलं.

उरलेला नीरफणस संध्याकाळसाठी चिरताना सुरी तिच्या बोटाला लागली. सवयीनं तिनं बोट तोंडात घातलं. उन्हं कडक होती, वाळू डोळ्यांत चमकत होती, आयोनी जवळच भांडी घासत होती. सगळं दिवसाढवळ्या, नेहमीसारखं. आणि तोंडातलं रक्त मात्र पावसाच्या पाण्यासारखं लागत होतं.

ती उठली आणि सरळ पाण्यात गेली. गुडघाभर पाण्यात उभं राहून तिनं ओंजळ भरली, क्षणभर थांबली आणि प्यायली.

गोडं पाणी. थंड आणि गोडं.

"कॉस्मस!" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

कॉस्मसनंही पाणी चाखलं. जन्म समुद्रावर काढलेला माणूस तो, पण बराच वेळ तसाच वाकून राहिला. "खाली कुठंतरी झरा असेल," तो म्हणाला. मग जरा हसायचा प्रयत्न करत, "बाटल्या भरून विकू, श्रीमंत होऊ." त्याच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, "सामान भरू या. आत्ता निघालो तर उजेडी घरी पोचू."

"जेवायला बोलावलेले पाहुणे दाराशी उभे करून यजमान पळून जातात, असं आपल्या घराण्यात अजून झालेलं नाही," मा एथेल खुर्चीवरून म्हणाल्या.

"मा, पाणी गोडं झालंय! माणसानं काय समजायचं?"

"हेच, की पुष्कळ आलेत." त्यांनी सुनेला जवळ बोलावलं. आवाजात राग नव्हता. "एकाला बोलावलं असतंस तर एकच आला असता. जेवला असता, गेला असता. तू सगळ्या समुद्राला हाक मारलीस, बाळा. समुद्रात कोण कोण आहे, माहीत आहे का तुला? गुलामांच्या जहाजांवरून पाण्यात फेकलेले, ज्यांची नावं आपल्याकडं उरलीसुद्धा नाहीत असे किती तरी. त्यांना कुणी कधी जेवायला बोलावलंच नव्हतं."

"मग जेवत का नाहीत? ताट तर समोर आहे."

"घरच्या माणसाला आधी बसवल्याशिवाय परकं कसं बसेल? रीत असते ती. त्याला बोलाव, म्हणजे सगळे मोकळे होतील."

झेल्मा वाळूत बसून राहिली. तिच्या डोक्यात दुसरंच घुमत होतं. नाव घेऊन हाक मारायची, आणि कुणीच आलं नाही, तर? मग तो या पाण्यात नाही. मग तो जिवंत आहे, आणि हे कुणालाही तोंडावर सांगता येईल. पण आला, तर दाराशी ठेवलेले ते बूट कुणाचे?

सगळे निजले, तरी किनाऱ्यावर लाट फुटल्याचा आवाज एकदाही आला नाही.

५

ईस्टरची पहाट फुटली तेव्हा झेल्मा ताडपत्रीबाहेर आली. वारा नव्हता, पतंगाचा सूर मात्र इतका खाली आला होता की तो कानांपेक्षा दातांत जाणवत होता. मा एथेल आधीच खुर्चीत बसलेल्या, समुद्राकडं पाठ करून, पांढरे कपडे घालून. आयोनी आणि कॉस्मस त्यांच्या पायाशी, तसेच पाठमोरे. कॉस्मसनं डोळेही मिटून घेतले होते.

"मान खाली घालून जा," मा एथेल म्हणाल्या. "हाक मार आणि फिर."

झेल्मा मान खाली घालून ताटापाशी गेली. समोर पूर्व होती. पायाखालच्या वाळूवर हळूहळू उजेड येत होता, आणि त्या उजेडात अधूनमधून अंधाराचे लांब पट्टे होते. सावल्या होत्या त्या. पाण्याकडून आलेल्या, एकमेकींना लागून, तिच्या पायापर्यंत पोचलेल्या.

होड्यांच्या डोलकाठ्या असतील, ती मनाशी म्हणाली. ईस्टरला येतात लोक होड्या घेऊन. मग तिनं वर बघितलं.

समुद्र माणसांनी भरला होता.

कमरेइतक्या पाण्यात, छातीइतक्या पाण्यात, त्यापलीकडं जिथं तळ नाही तिथंही, नजर पोचेल तिथवर माणसं उभी होती. उजेड त्यांच्या मागून येत होता, त्यामुळं चेहरा एकाचाही दिसत नव्हता. नुसत्या आकृत्या. बायका होत्या, कडेवर काहीतरी घेतलेल्या. काही जण दोघं दोघं अगदी खेटून उभे होते, एकानं पाऊल टाकायचं तर दुसऱ्यालाही टाकावं लागेल असे. कारियाकूत आजवर जन्मली असतील त्यांच्याहून किती तरी जास्त माणसं. आणि आवाज नाही. कुणी पुढं घुसत नव्हतं, कुणी हात पसरत नव्हतं. पान वाढून झालं तरी यजमानानं 'या, बसा' म्हणेपर्यंत पाहुणे ओटीवर थांबतात, तसे ते थांबले होते. किती काळ थांबले होते कोण जाणे.

झेल्माला भीती वाटायला हवी होती. वाटलीही असेल, पण तिच्याहून मोठं काहीतरी तिच्या छातीत भरून आलं आणि भीतीला तिथं जागाच उरली नाही. इतकी भूक, आणि इतकं सौजन्य! आपण रागाच्या भरात तोंडाला आलं ते बोललो, आणि यांनी ते खरं मानलं. तिला स्वतःची लाज वाटली. चर्चमध्ये शिरताना बायका डोकं झाकतात तसं तिला झाकावंसं वाटलं, पण रुमाल ताडपत्रीखालीच राहिला होता. तिनं नुसतेच हात डोक्यावर ठेवले.

मग तिनं श्वास घेतला.

"कॅन्यूट!"

हाक पाण्यावरून गेली. कुणी हललं नाही. इतक्या आकृत्यांत एक मान वळली नाही, एक खांदा हलला नाही.

झेल्मानं वाट पाहिली. आणि मग तिच्या अंगातून आनंद उसळला. नाही! तो यांच्यात नाही! तो कुठंतरी कोरड्या जमिनीवर आहे, दाढी वाढवून, शिव्या देत, तिकडचं बेचव जेवण गिळत. तो येणार. बूट दाराशीच राहू देत. ती वळलीसुद्धा, हे ओरडून सांगायला.

"झेल्मा." मा एथेलची पाठ तिच्याकडंच होती. आवाज अगदी बारीक होता. "त्याला पहिली हाक कधी लागलीय का गं?"

झेल्मा जागीच थांबली.

तिला गप्प बसता आलं असतं. कुणी तिच्यावर जबरदस्ती केली नसती. चौघंजण होडीत बसून घरी गेले असते, आणि ती जन्मभर म्हणू शकली असती, की मी हाक मारली होती आणि तो आला नाही. पण त्या गर्दीत तो असला तर? बहिरा कान इकडं करून, सगळ्यांच्या मागं, कशाला थांबलोय हे न कळता उभा असला तर? उपाशी. आपली बायको आपल्याला बोलावत होती, हे त्याला कळणारही नाही. हे तिला सहन होईना.

ती पुन्हा समुद्राकडं वळली. या वेळी तिनं तशीच हाक मारली जशी ती रोज संध्याकाळी मागच्या दारातून मारायची, तारस्वरात, थोडं वैतागून.

"अरे कॅन्यूट! जेवायला चल!"

दूर, बऱ्याच ओळींच्या मागं, एका आकृतीचा हात वर आला. तळवा कानामागं गेला. मान तिरकी झाली.

झेल्मानं तोंड दाबून धरलं. मग हात काढून, फुटक्या आवाजात पण स्पष्ट, ती म्हणाली, "तुम्हीही या. सगळे या. बसा."

आणि रीतीप्रमाणं तिनं पाठ फिरवली. मागं पाणी वाजू लागलं. असंख्य पावलं पाण्यातून चालत येताना वाजतं तसं, सावकाश, कितीतरी वेळ. तिनं मागं वळून पाहिलं नाही. मा एथेलनी न बघता हात मागं केला, आणि झेल्मानं तो धरला.

ओघळ नाकाशेजारून खाली आला आणि ओठांत शिरला. खारट होता.

६

पतंग नारळाच्या मागं पडलेला सापडला. समुद्रावर वारा सुटला होता, लाटा फुटत होत्या, आणि त्यांचा आवाज ऐकून कॉस्मस पोरासारखा हसला आणि मग त्याला रडू आलं. ताटाकडं कुणी बघितलं नाही. मा एथेलनी ते कापडासकट पाण्यात सोडलं.

"दगड सांगायला हवा," झेल्मा म्हणाली. थडग्याचा दगड. हे तिनं आपणहून म्हटलं, आणि सासूनं नुसती मान डोलावली.

भूक सगळ्यांनाच लागली होती. आयोनीनं कालचं पातेलं शेगडीवर चढवलं, वाफ आल्यावर वाढलं आणि पहिला घास तोंडात घातला.

"अगं आई गं!" ती किंचाळली. "नुसतं मीठ आहे हे! किती जणांनी घातलंय?"

"मी थोडंसंच घातलं होतं," कॉस्मस म्हणाला.

"मूठभर घातलंस, मी बघितलंय!"

फेकून द्यावं असंच ते झालं होतं. पण फेकायचा विषय कुणी काढला नाही. चौघांनी ते घटाघट पाणी पीत, डोळे पुसत, पातेलं खरवडून खाल्लं. झेल्मानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.